वैराची थैली आणि चंद्राची वाट

गेल्या महिन्यांत आमच्या महाविद्यालयाच्या वक्तृत्वमंडळांत वादविवाद झाला. विषय नेहमींचाच होता: 'स्पर्धा ही प्रगतीची जननी होय.' अनुकूल बाजूनें बोलणाऱ्या एका तरुणानें असें प्रतिपादन केलें कीं, रशिया आणि अमेरिका यांचें वैर नसतें तर मनुष्याचें पाऊल चंद्राला लागलें नसतें. आतां चीन आणि अमेरिका यांच्यांत नवें वैर पेटत आहे, तें खुशाल पेटूं द्यावें, कारण त्याच विस्तवावर विज्ञानाचें अन्न शिजतें. टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक या नात्यानें मींच त्याला पहिलें पारितोषिक दिलें, कारण वक्तृत्व खरोखरच उत्तम होतें. परंतु वक्तृत्वाला दिलेलें पारितोषिक मताला दिलें असा समज त्या सभागृहांत पसरला, आणि तो दूर करणें मला प्राप्त झालें आहे.

पूर्वपक्षांत सत्याचा अंश आहे, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें ८३.६ किलोग्रॅम वजनाचा स्पुटनिक आकाशांत सोडला. ज्या अग्निबाणानें तो वर नेला, तो मूळ अण्वस्त्र वाहून नेण्यासाठीं बनविलेला होता. अमेरिकेच्या पोटांत गोळा उठला तो मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीमुळें. वर्ष भरण्याच्या आंत नासा ही संस्था स्थापन झाली. १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिननें पृथ्वीप्रदक्षिणा केली. पांच दिवसांनीं क्यूबाच्या किनाऱ्यावर अमेरिकेनें पढवून पाठविलेली चढाई सुरू झाली आणि फसली. २० एप्रिलला अध्यक्ष केनेडी यांनीं उपाध्यक्ष जॉन्सन यांना लेखी प्रश्न केला कीं, रशियनांना मागें टाकतां येईल असें अंतराळांत कोणतें कार्य आहे? २५ मे रोजीं चंद्राचा संकल्प काँग्रेसपुढें जाहीर झाला. हा क्रम वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. जिंकावयाचें हें आधीं ठरलें. मैदान मागाहून शोधण्यांत आलें. पुढें नोव्हेंबर १९६२ मध्यें नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशीं बोलतांना केनेडींनीं स्वच्छ सांगितलें कीं, आपल्याला अंतराळाची म्हणावी तेवढी गोडी नाहीं; एवढा खर्च समर्थनीय ठरतो तो रशियाशीं असलेल्या शर्यतीमुळें. हें संभाषण ध्वनिमुद्रित असल्यामुळें त्याचा अर्थ फिरविण्यास फारशी जागा नाहीं.

तेव्हां वैरानें थैली भरली, हें निर्विवाद. १९६६ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या खर्चापैकीं शेंकडा सुमारें ४.४ भाग एकट्या नासाच्या वांट्याला आला. परंतु आमच्या तरुण मित्रांनीं हिशेब येथेंच थांबविला. सावकारानें रक्कम मोजून दिली म्हणून आनंद मानावयाचा आणि कर्जरोख्यावरील अटी वाचावयाच्याच नाहींत, असा हा प्रकार झाला.

पहिली अट अशी कीं, शर्यत संपतांच थैलीचें तोंड बंद होतें. २० जुलै १९६९ रोजीं आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. सहा महिने उलटले नाहींत तोंच, जानेवारी १९७० मध्यें, अपोलो २० ही मोहीम रद्द झाली. सप्टेंबरांत आणखी दोन मोहिमा कापल्या गेल्या. चंद्रावर जाण्यासाठीं बांधलेल्या प्रचंड सॅटर्न अग्निबाणांचे उरलेले भाग आज ह्यूस्टन व फ्लॉरिडा येथें प्रेक्षकांसाठीं आडवे मांडून ठेवलेले आहेत. शेंकडा ४.४ चा वांटा १९७५ पर्यंत एकावर आला, आणि अलीकडच्या वर्षांत तो अर्ध्याच्याहि खालीं गेला आहे. हरलेल्या पक्षाची गत याहून वाईट. रशियानें चंद्रासाठीं योजलेला एन-१ अग्निबाण १९६९ ते १९७२ या काळांत चार वेळां उडविला आणि चारहि वेळां तो नष्ट झाला. १९७४ मध्यें तें काम थांबविण्यांत आलें, आणि आपण शर्यतींत कधीं नव्हतोंच असा बहाणा त्या सरकारनें १९८९ पर्यंत चालविला. ज्या अभियंत्यांनीं त्या कामांत आयुष्य वेंचलें, त्यांना त्याचें नांवहि उघडपणें घेतां आलें नाहीं.

दुसरी अट अधिक घातक आहे. 'तेथें आधीं कोण पोंचला?' हा वैराचा प्रश्न. 'तेथें काय आहे?' हा विज्ञानाचा. चंद्रावर एकंदर बारा माणसें चाललीं. त्यांत व्यवसायानें शास्त्रज्ञ असा एकच, भूगर्भशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट; आणि तो गेला डिसेंबर १९७२ च्या अखेरच्या मोहिमेंत. कोणी म्हणेल, तरीहि ३८२ किलोग्रॅम दगडमाती हातीं लागलीच ना? लागली, आणि तिच्यावरील संशोधन अर्ध्या शतकानंतरहि संपलेलें नाहीं. पण यावरून काय सिद्ध होतें? ज्यासाठीं पैसा दिला गेला तो विजय एका संध्याकाळीं जुना झाला. जें वैरानें मागितलेंहि नव्हतें, तेंच टिकलें.

तिसरी अट म्हणजे दारें बंद करण्याची. २००८ सालीं आपलें चांद्रयान-१ गेलें, तेव्हां त्यावर अमेरिकेचें एक उपकरण होतें. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या अंशाचा पुरावा मिळाला तो त्या उपकरणामुळें. यान आपलें, उपकरण त्यांचें, शोध सर्वांचा. आतां याच्या शेजारीं दुसरें चित्र ठेवावें. २०११ पासून अमेरिकन कायद्यानें नासाला चीनशीं परस्पर सहकार्य करण्यास, विशेष परवानगीवांचून, मनाई आहे. २०२४ सालीं चीनच्या चांग-अ ६ यानानें चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती प्रथमच पृथ्वीवर आणली. ती पाहावयाची तर नासाच्या पैशावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञानें आधीं कायद्याचें पुस्तक उघडलें पाहिजे!

यावर आमचे मित्र म्हणतील, असो. निदान थैली तरी पुन्हां भरेल. तीहि आशा भाबडीच आहे. मे २०२५ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयानें जें अंदाजपत्रक सुचविलें, त्यांत चीनच्या आधीं चंद्रावर परतण्याचा उद्देश ठळकपणें मांडला होता. आणि त्याच कागदांत नासाच्या विज्ञानखात्याची रक्कम जवळजवळ निम्म्यानें कापण्याची सूचना होती. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, हें खरें. तथापि वैराची वृत्ति कोणत्या बाजूला वळते हें दाखविण्यास तो पुरेसा आहे. शर्यतीचा घोडा पोसावयाचा म्हणून घरांतील दुभती गाय विकावयास काढली, तर त्याला समृद्धि म्हणतां येणार नाहीं.

येथें आपल्याकडेहि वळून पाहणें अगत्याचें आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं थुंब्याहून आपला पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकन होता. १९७५ मध्यें आर्यभट्ट उपग्रह वर गेला, तो रशियाच्या अग्निबाणावर. दोघांच्या वैराचा आपणांस लाभ झाला, हें नाकारण्यांत प्रामाणिकपणा नाहीं. परंतु विक्रम साराभाई यांनीं त्या वेळींच स्पष्ट केलें होतें कीं, चंद्रावर जाण्यांत संपन्न राष्ट्रांशीं बरोबरी करण्याची हौस आपणांस नाहीं. आपल्या माणसांच्या अडचणी सोडविण्यासाठीं हें शास्त्र आपणांस हवें. १९७५-७६ मध्यें अमेरिकेच्या उपग्रहाद्वारें सुमारें २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम पोंचविले गेले, ते याच धोरणानें. आणि ऑगस्ट २०२३ मध्यें? १९ तारखेस रशियाचें लूना-२५ चंद्रावर आदळून फुटलें, तेव्हां आमच्या प्राध्यापककक्षांत, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून, 'बरें झालें, आतां आपणच पहिले' असे उद्गार मीं ऐकले. चार दिवसांनीं आपलें यान सुखरूप उतरलें आणि मीहि पेढा खाल्ला. पण आधींच्या उद्गारांनीं त्याची गोडी थोडी कमी केली होती. दुसऱ्याच्या अपघातांत ज्याला स्वतःचा उत्कर्ष दिसूं लागला, तो शास्त्राचा उपासक उरला नाहीं. तो केवळ पैजेचा गडी झाला.

आमचे तरुण मित्र पुढें विज्ञानशाखेकडे जाणार आहेत असें ऐकतों. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. उद्यां प्रतिस्पर्धी थकून घरीं बसला, टाळ्या थांबल्या, थैलीहि आटली, तरी तें काम आपण चालू ठेवाल काय? याचें उत्तर 'होय' असेल तर त्यांच्या भाषणांतील सिद्धान्त त्यांनींच खोडला असें होईल. पारितोषिक मी परत मागत नाहीं. पुढील वर्षीं त्यांनीं प्रतिकूल बाजूनें बोलावें, एवढीच अपेक्षा आहे. परीक्षकाचें काम मी दुसऱ्या कोणावर सोंपवीन.