चूक सांगणाऱ्याचं काय करायचं?

“एकाला घरी बसवा, बाकीचे आपोआप सरळ होतात.” दवाखान्यात काही विपरीत घडलं की आमच्या राजूर गावातल्या चहाच्या टपरीवर हेच ऐकू येतं. त्यामागचा संताप मला मान्य आहे. ज्याचं माणूस गेलं त्यानं तो का गिळावा? पण वचकानं रुग्ण सुरक्षित होतो, हे मला मान्य नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळं गेली. निलंबनं झाली, परिचारिकांवर गुन्हे नोंदले गेले. वचक बसायचा तर तेव्हाच बसला असता. दहा महिनेही उलटले नव्हते. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण दगावले. या वेळी अटक झाली ती डॉक्टर आणि परिचारिकांना. इमारतीची वायरिंग काय सिस्टरच्या हातात असते?

त्याच वर्षी ३१ जानेवारीला यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांच्या तोंडात पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं सुदैवानं वाचली. ही घटना मला जास्त अस्वस्थ करते, कारण पोलिओचा बूथ आपल्याही गावात लागतो. बाटली उचलणारा हात एकाचा. पण बूथवर कुणी एकटं नसतं. शेजारच्या आशाताईला ‘थांबा, बाटली दाखवा’ म्हणायची मुभा आहे का, हा खरा प्रश्न.

दारू पिऊन ड्युटी करणाऱ्याला, खोटी नोंद करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. मात्र प्रामाणिक चुकीलाही तीच शिक्षा असेल, तर माणसं चूक लपवायला शिकतात, आणि लपलेली चूक दुसऱ्या रुग्णावर पुन्हा घडते.

मग बोलायची मुभा द्यायची कशी? जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी एक साधी तपासणी-यादी केली. छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं, हेही त्या यादीत आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं; हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यानं एकदा आपलं नाव उच्चारलं, त्याला पुढं ‘डॉक्टर, थांबा’ म्हणणं सोपं जातं.

आपल्या दवाखान्यातही हे जमेल. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी येणाऱ्यांचे जथ्थे रात्रभर चालत असतात. त्या रात्री दवाखान्यात चार्ज देता-घेताना सगळ्यांनी, शिपाई आणि आशासकट, पाच मिनिटं एकत्र उभं राहावं. ऑक्सिजनचं सिलिंडर कुणी पाहिलं, कोणत्या दोन कुप्या सारख्या दिसतात, मागच्या वेळी काय चुकता चुकता राहिलं, हे बोलावं. आणि बोलणाऱ्याच्या हातात दुसऱ्या दिवशी ‘कारणे दाखवा’ नोटीस पडू नये.