मुलामा नव्हे, कल्हई

मराठीत ‘रंगरंगोटी’ हा शब्द सहसा कौतुकाने उच्चारला जात नाही. मंत्रिमहोदय येणार म्हणून विश्रामगृहाची होते ती रंगरंगोटी, आणि तपासणी समिती येणार म्हणून महाविद्यालयाच्या भिंतींची होते तीही रंगरंगोटीच. समीक्षेच्या परिभाषेतही एखाद्या कथेला नापास करायचे असले की आपण तिला ‘वरवरची’ म्हणतो, आणि कवितेला झोडपायचे असले की तिच्यावर शब्दांचा ‘मुलामा’ चढवला आहे असे म्हणतो. पृष्ठभागाविषयीचा हा अविश्वास आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे की, रंग लावणे म्हणजे काहीतरी झाकणे, हे आपण विचार न करताच गृहीत धरतो.

या गृहीतकाची परीक्षा रायगडच्या किनाऱ्यावर घेऊन पाहावी. त्यासाठी एखाद्या किल्ल्याच्या तटाकडे जाण्याची गरज नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाकीची साधी फ्रेम पुरेशी आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात ई-बाईकची नवलाई आता ओसरली आहे. तिची बॅटरी अजून साथ देते, मोटर कुरकुरत नाही. पण मडगार्डच्या आतल्या बाजूने, स्टँडच्या सांध्यापाशी, सीटखालच्या नळीवर कारखान्यातला रंग फुगू लागतो. नखाने खरवडला की पापुद्रा निघतो आणि खाली तांबूस भुगा दिसतो. अशा वेळी मालकासमोर तीन वाटा असतात. वरून एक हात मारून मोकळे व्हावे, गाडी मिळेल त्या किमतीला काढून नवी घ्यावी, किंवा ती सोलून, घासून, नव्याने रंगवून घ्यावी. यांतली तिसरी वाटच विवेकाची आहे, असे माझे मत आहे. आणि हे मत केवळ काटकसरीतून आलेले नाही.

प्रथम शत्रू नीट ओळखायला हवा. लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते हे आपण शाळेत शिकलो. किनाऱ्यावर त्यांत मीठ मिसळते आणि सगळा हिशेब बदलतो. लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर गावात येतात आणि मिळेल त्या पृष्ठभागावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हे मीठ हवेतलेच पाणी ओढून त्यात विरघळते. म्हणजे पाऊस नसला, गाडी छपराखाली असली, तरी दमट रात्री तिच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा ओलावा असतोच. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीतून ज्या गाड्या ये-जा करतात, त्यांच्या वाट्याला हा खारा वारा थेट समुद्रावरच येतो. रंगाच्या थराला टाचणीएवढे छिद्र पडले तरी पुरते. त्यातून ओल आत शिरते, गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो रंगाला आतून उचलतो, आणि उचललेल्या रंगाखाली नव्या ओलीला घर मिळते. बाहेरून दिसणारा फोड हा आत बराच काळ चाललेल्या व्यवहाराचा शेवटचा अंक असतो.

या शत्रूला टाळण्याचा एक मार्ग म्हणजे लोखंडच न वापरणे. गंमत अशी की, लोखंडाशिवाय बांधलेल्या इमारतीचे प्रसिद्ध उदाहरण अलिबागेतच आहे, आणि त्याचा संबंध विजेवरच्या वाहनांशीही आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून ते काम खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आले. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. नोंदींत बाधा येऊ नये म्हणून वेधशाळेच्या बांधकामात चुंबकीय गुण नसलेली सामग्री कसोशीने निवडली गेली. विजेच्या वाहनापासून लांब राहावे म्हणून ज्या गावाची निवड झाली, त्याच गावात शतकानंतर विजेच्या दुचाकी घरोघरी आल्या. वेधशाळेला लोखंड टाळता आले; रोज बाजारात आणि धक्क्यावर जाणाऱ्या माणसाला ते टाळता येत नाही.

ॲल्युमिनियमची फ्रेम घेतली तर? अनेक ई-सायकलींच्या फ्रेम आज त्याच्याच असतात, आणि ‘ही गंजत नाही’ असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो. ते अर्धसत्य आहे. ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, पण खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि बारीक खड्डे पडतात. जिथे लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला असतो तिथे खाऱ्या ओलाव्यामुळे दोन धातूंची जणू एक इवलीशी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. विजेवर चालणाऱ्या गाडीला आतून खाणारीही वीजच असावी, हा योगायोग एखाद्या कथाकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

दुसरा मार्ग राखणीचा. तो या किनाऱ्याला नवा नाही. पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत कोळीवाड्यांतून होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांच्यावर नवा रंग चढतो. वर्तमानपत्रांत त्या रंगीत होड्यांचे छायाचित्र छापून येते. छायाचित्रात न दिसणारे काम मात्र त्याआधीचे असते: तळाला चिकटलेले शंख-शिंपले आणि शेवाळ खरवडणे, गोड्या पाण्याने धुणे, उन्हात वाळवणे, लाकूड ठोकून कुठे पोकळ आवाज येतो का ते ऐकणे, कुजलेली फळी बदलणे, फटी बुजवणे. रंग येतो तो सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटवला तर होडी पहिल्याच हंगामात पाणी धरील, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असते. समुद्राशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांच्या लेखी रंग ही शोभा नसते, ती राखण असते. आणि राखणीला शोभा आली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ई-बाईकच्या बाबतीत हाच क्रम थोड्या फरकाने पाळावा लागतो. सर्वांत आधी बॅटरी बाहेर काढून गाडीपासून दूर ठेवायची. मग कंट्रोलर, डिस्प्ले, वायरिंग, चाके. मोटर बहुधा चाकाच्या हबमध्येच असल्याने ती चाकाबरोबर निघते. प्रत्येक जोडाचे छायाचित्र काढून ठेवणारा कारागीर पुढचे दोन दिवस वाचवतो. त्यानंतर उघडी फ्रेम गोड्या पाण्याने धुणे. ही पायरी वगळण्याचा मोह सर्वांत मोठा असतो आणि तिचे मोलही सर्वांत मोठे असते, कारण रंगाखाली राहिलेले मीठ ओल खेचत राहते आणि नवा रंग काही महिन्यांत फुगतो. मग वायर ब्रश, सँडपेपर, खड्डे असतील तिथे लांबी, आणि प्रायमर. इथे धातू पाहून निवड करावी लागते. लोखंडाला चालणारे रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही. त्याला एच प्रायमर किंवा इपॉक्सी लागते. बेअरिंगच्या जागा, आटे आणि अर्थिंगचे टोक टेपने झाकावे लागते, नाहीतर गाडी सुंदर दिसते आणि चालत नाही. पावडर कोटिंग टिकाऊ खरे, पण ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजावे लागते. म्हणून एकही वायर वा रबरी भाग फ्रेमवर राहता कामा नये, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम इतकी उष्णता निमूट सोसेल की नाही, हे उत्पादकाला विचारूनच ठरवावे. हे सारे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत रंग आणि धातू यांच्यामध्ये ओल कोंडली जाते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस त्याला योग्य.

या क्रमातला सर्वांत मोलाचा क्षण रंग निघून गेल्यानंतरचा आणि नवा लागण्यापूर्वीचा. त्या थोड्या वेळात फ्रेम जशी आहे तशी दिसते. वेल्डिंगच्या सांध्यावर केसाएवढी चीर असेल तर ती याच वेळी सापडते, आणि सापडली तर रंगकाम तिथेच थांबवायला हवे. चिरलेली फ्रेम रंगवणे म्हणजे वर बसणाऱ्याच्या जिवाशी खेळणे. मुलामा आणि कल्हई यांतला फरक नेमका इथे आहे. मुलाम्याला आतले कसे आहे याच्याशी कर्तव्य नसते. पितळेला सोने म्हणवून घेणे एवढेच त्याचे काम. कल्हईवाला मात्र आधी भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मग कथलाचा हात फिरवतो. त्या पातळ थरामुळे आंबट पदार्थ कळकत नाहीत. थर दोन्हीकडे पातळच असतो. एक थर दुसऱ्याला फसवण्यासाठी असतो, दुसरा जेवणाऱ्याच्या काळजीपोटी. विक्रीपूर्वी गंजावरून स्प्रे मारलेली गाडी पहिल्या जातीची. मालकाने स्वतः वापरण्यासाठी सोलून रंगवलेली गाडी दुसऱ्या जातीची. कायदाही हा भेद आपल्या परीने जाणतो: नोंदणीकृत गाडीचा रंग प्रमाणपत्रात लिहिलेला असतो आणि बदलला तर आरटीओला कळवावे लागते. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाड्यांना नोंदणी लागत नाही, पण फ्रेमवरचा क्रमांक रंगाखाली बुजू नये, हे पथ्य त्यांनाही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढा खटाटोप का करायचा? कारण विजेच्या गाडीचा ‘हरित’ असण्याचा दावा खरेदीच्या दिवशी सिद्ध होत नसतो. खाणीतून निघालेले लिथियम, वितळवलेले ॲल्युमिनियम, कारखान्यात जळलेली ऊर्जा हे सारे कर्ज घेऊनच ती दारात येते, आणि ते कर्ज फिटते तिच्या वापराच्या वर्षांतून. चौथ्या-पाचव्या वर्षी केवळ फ्रेम गंजली म्हणून ती भंगारात गेली, तर कर्ज तसेच राहते आणि नव्या गाडीचे नवे कर्ज त्यावर चढते. आपली धोरणे मात्र खरेदीवर खिळलेली आहेत. २०१९ ते २०२४ या काळातील फेम-२ योजना, ऑक्टोबर २०२४ पासूनची पीएम ई-ड्राइव्ह, महाराष्ट्राचे २०२१ चे विद्युत वाहन धोरण, या सर्वांत खरेदीदाराला सवलत दिली गेली. जुनी गाडी टिकवणाऱ्याच्या पदरात काही पडले नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनेही घेतली, हे स्वागतार्हच आहे. पण सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळणे हा त्या हक्काचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे दुरुस्ती करणारा हात गावात शिल्लक असणे.

स्टेनलेस स्टील घरोघरी आले आणि कल्हईवाल्याची हाक विरत गेली. ‘आता राखणीची गरज नाही’ असे सांगणारी प्रत्येक वस्तू एका कारागिराला रजा देते. डेंटिंग-पेंटिंगच्या टपरीतला माणूस त्याच वाटेवर जाऊ नये असे वाटत असेल, तर त्याच्या श्वासाचाही विचार करावा लागेल. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम २०१६ चा आहे. वाहनांचे रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. जुना रंग घासताना उडणारी धूळ आणि स्प्रेचे धुके नाकावर रुमाल बांधून अडत नाही. चांगला मास्क आणि मोकळी हवा यांचे दोन पैसे आपण मजुरीत आनंदाने मोजले पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल की, रंगवण्याच्या खर्चात थोडी भर घातली तर नव्या गाडीचा पहिला हप्ता निघतो. निघेलही. पण ती नवी गाडीही याच वाऱ्यात उभी राहणार आहे. समुद्र कोणत्याही कंपनीची हमी वाचत नाही. ज्याला आज घासून रंगवण्याचा कंटाळा आहे, त्याला दर चार वर्षांनी नवलाई विकत घ्यावी लागेल, आणि त्या नवलाईलाच तो प्रगती समजेल. किनाऱ्यावर राहणाऱ्याला पृष्ठभागाचा तिरस्कार परवडत नाही. इथे जे टिकते ते वरच्या थरामुळे टिकते. तो थर प्रामाणिक आहे की नाही एवढेच आपण पाहायचे.