विश्लेषण : मोकळी केलेली मेमरी फोनला का महागात पडते?

अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स कर्नल असते. त्यातला ‘बाइंडर’ हा भाग ॲपना एकमेकांशी बोलू देतो. सुरक्षित मानल्या जाणाऱ्या रस्ट भाषेत तो नव्याने लिहिला गेला, पण डिसेंबर २०२५ मध्ये त्यातही त्रुटी नोंदवली गेली. तिने फार तर यंत्रणा कोसळते. मूळ मात्र जुनेच आहे, यादीतून घटक काढताना झालेली चूक.

यादी म्हणजे काय?

कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग आहे असे समजा. प्रत्येक चालकाच्या चिठ्ठीवर फक्त पुढच्या आणि मागच्या गाडीची जागा लिहिलेली. मधली गाडी निघाली की आधी दोन्ही शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या दुरुस्त करायच्या, मगच ती जागा दुसऱ्याला द्यायची. क्रम चुकला तर जुनी चिठ्ठी भलत्याच गाडीकडे नेते. कर्नलमधील ‘लिंक्ड लिस्ट’ अशीच चालते. सगळी यादी मोकळी करतानाही पुढच्याचा पत्ता आधी टिपावा लागतो. मोकळ्या झालेल्या घटकाला ‘पुढे कोण’ विचारता येत नाही. त्याच क्षणी दुसरे काम यादीत हात घालत असेल तर एवढेही पुरत नाही, कुलूप लागते. रस्टमधील त्रुटीत हेच कुलूप लवकर सुटत होते.

२०१९ मध्ये काय झाले?

तेव्हा प्रकरण गंभीर होते. बाइंडरने एका धाग्याची मेमरी मोकळी केली, पण त्याची प्रतीक्षा-रांग दुसऱ्या यादीत अडकलेली राहिली. ती जागा आपल्या माहितीने भरून हल्लेखोर ॲपला फोनचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. गुगलच्या प्रोजेक्ट झिरोने ऑक्टोबर २०१९ मध्ये हे जाहीर केले. यादीत पिक्सेल २, सॅमसंग एस ७ ते एस ९ यांच्याबरोबर आपल्याकडे हातोहाती दिसणारे रेडमी ५ ए आणि रेडमी नोट ५ होते.

संताप आणणारी बाब अशी, की ही चूक नोव्हेंबर २०१७ मध्येच सापडली होती आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कर्नलमध्ये दुरुस्तही झाली होती. पण अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकात ती आलीच नाही, त्यामुळे विकलेले अनेक फोन तसेच राहिले.

तुमचा फोन?

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली बहुतेक फोनवर सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षे जुनी असेल, तर त्यानंतरच्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत आलेल्या नाहीत. अशा फोनवर बँकेचे ॲप टाळावे. लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल तर उघडूच नये.