तारखेने ओळखली जाणारी मैफल
१९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडने ३० वर्षांत सुमारे २,३०० मैफली केल्या. गाणी तीच, पण क्रम रोज वेगळा आणि मधला विस्तार जागेवरच सुचलेला. म्हणून चाहते मैफल तारखेने ओळखतात. ‘८ मे १९७७’ म्हटले की कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल आणि बाहेर भर मे महिन्यात पडलेला बर्फ आठवतो. आठवणाऱ्यांतले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, हा भाग वेगळा! ही किमया कॅसेटची. ध्वनिमुद्रणाला बँडची आडकाठी नसे. १९८४पासून तर उंच काठीला मायक्रोफोन बांधून येणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागा राखली गेली. कॅसेटची अदलाबदल चाले, विक्री मात्र निषिद्ध. कॉर्नेलची मैफल अधिकृतपणे बाजारात आली ती थेट २०१७ मध्ये.