न्हाणीघराचा भाव कसा सांगाल?



खाप्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. आधी त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर नवं करून घेतलं, मिस्त्रीच्या पाठीशी उभं राहून. ते पाहून शेजारच्या वहिनींनी आपलं काम सोपवलं, मग एका मैत्रिणीने. दोन्ही कामं छान झाली, दोन्ही घरची माणसं खूष. पण हिशेबाला बसल्या तेव्हा पहिल्या कामात हाती शून्य, आणि दुसऱ्यात घरखर्चातलेच चार हजार गेलेले! यजमान म्हणतात, "हौस फिटली असेल तर आता बंद कर." त्या विचारतात, बंद करू का?

मुळीच नाही. बाई, काम तुम्हाला येतंय. येत नाही तो भाव सांगायला, आणि ती अगदी वेगळी विद्या आहे. उत्तम पुरणपोळी करणारीला शंभर पानांच्या पंगतीचा शिधा काढता येईलच असं नाही, तसंच हे. पण शिकता येतं, आणि त्याला मोठं गणितही लागत नाही. वही, पेन्सिल आणि एक चांगली मोजपट्टी पुरे.

पहिली गोष्ट, उभ्या उभ्या भाव सांगायचा नाही. शेजारीण चहाचा कप हातात देते आणि विचारते, "अंदाजे किती लागतील हो?" आपण भिडेखातर "लागतील पन्नासेक" म्हणून जातो. तो आकडा तिच्या डोक्यात कोरला जातो. नंतर तुम्ही साठ म्हणालात की तुम्ही लबाड! तेव्हा हसून सांगा, "मोजते आणि परवा लिहून देते." यात कुणाला राग येत नाही, उलट कामाची बाई आहे असं वाटतं.

आता मोजायचं कसं ते पाहू. समजा न्हाणीघर सहा फूट बाय पाच फूट आहे. चार भिंतींची लांबी मिळून २२ फूट. सात फुटांपर्यंत टाईल्स लावायच्या तर १५४ चौरस फूट. दाराचे साधारण साडेसतरा वजा करा, राहिले १३६. यात दहा टक्के तुटफूट आणि कापण्यातली नासाडी धरा, म्हणजे १५० फूट. पेटीत नऊ फूट माल येत असेल तर सोळा पेट्या पुरत नाहीत, सतरा घ्याव्या लागतात. अर्धी पेटी दुकानदार देत नाही, आणि नंतर एक पेटी आणायला गेलात तर त्याच रंगाची मिळेलच असं नाही. खालच्या फरशीचे तीस फूट वेगळे मोजा, कारण ती टाईल वेगळी असते. पाय घसरणार नाही अशी खरबरीत.

गिलाव्याचं एक सोपं माप पाठ करून ठेवा. अर्धा इंच जाडीचा, एकास चार मालाचा गिलावा असेल तर शंभर चौरस फुटाला सिमेंटची साधारण एक गोणी आणि पाच घनफूट रेती लागते. भिंत वाकडीतिकडी असेल तर जास्त. आपल्या न्हाणीघराला म्हणजे दीड गोणी. मिस्त्री "चार आणा" म्हणाला तर निदान "का?" एवढं तरी विचारता येतं.

मग आला न दिसणारा खर्च, आणि या भगिनीचे चार हजार बहुधा इथेच गेले असावेत. जुनं तोडायची मजुरी. मलबा उचलून नेणारी गाडी. नागपूरहून टाईल्स आणायचं भाडं. कटरचं पातं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आलाच नाही आणि मिस्त्री बसून राहिला, त्याची रोजी तर द्यावीच लागते. रेती पावसाळ्यात महागते, कारण तेव्हा नदीपात्रातला उपसा बंद असतो. कन्हान दारात आहे म्हणून रेती फुकट येत नाही. या प्रत्येकाची वहीत एकेक ओळ हवी, रक्कम लहान असली तरी.

आणि हो, तुमची स्वतःची रोजी! मिस्त्रीची लिहिता, रेजाची लिहिता, आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ देखरेख करणारी जी बाई, तिच्यापुढे मात्र शून्य. का? घरात आपल्या कष्टांचा हिशेब कुणी ठेवत नाही, त्याची सवय झालेली. पण धंद्यात ती सवय मोडा. नफा म्हणजे तुमची रोजी नव्हे. रोजी हा खर्च आहे, तुम्ही उद्या आजारी पडलात तर देखरेखीला ठेवलेल्या माणसाला ती द्यावीच लागेल.

आता बेरीज करू. आकडे केवळ समजण्यापुरते घेते, तुमच्या गावचे तुम्ही भरा. सामान तीस हजार, मजुरी अठरा, गाडीभाडं आणि मलबा चार, तुमचे दहा दिवस पाचशे रुपयांनी पाच. झाले सत्तावन्न हजार. अचानक निघणाऱ्या कामासाठी तीन हजार. एकूण साठ हजार. यावर वीस टक्के नफा म्हणजे बारा हजार, भाव झाला बहात्तर हजार.

इथे एक मेख आहे, नीट वाचा. खर्चावर वीस टक्के चढवले म्हणजे भावातले वीस टक्के तुमचे झाले असं नाही. बहात्तरातले बारा म्हणजे साडेसोळाच्या थोडे वर. मिळणाऱ्या दर शंभरातले वीस उरायला हवे असतील तर साठ हजारांना ८० ने भागून १०० ने गुणा. येतात पंचाहत्तर हजार. सरकारी खात्यांतही असाच आकडा धरूनच दर बसवतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरांत ठेकेदाराचा नफा आणि वरकड खर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचीही दरसूची असते. ती मिळवून एकदा चाळा. भाषा रुक्ष आहे खरी, पण एकेका कामात काय काय मोजायचं ते त्यातून कळतं.

पुढे येते ती घासाघीस. "अहो, दहा टक्के तरी कमी करा ना, घरचंच काम आहे!" बहात्तर हजारांचे दहा टक्के म्हणजे सात हजार दोनशे. ते सिमेंटमधून जात नाहीत, मिस्त्रीच्या रोजीतूनही जात नाहीत. ते जातात तुमच्या बारा हजारांतून. एका गोड शब्दासरशी तुमचा साठ टक्के नफा गेला! म्हणून भाव कमी करायचा नाही, काम कमी करायचं. "वहिनी, सात फुटांऐवजी पाच फुटांपर्यंतच टाईल्स लावू, वर रंग देऊ. इतके कमी होतील." यात त्यांचंही भलं, तुमचंही.

खाप्यासारख्या जुन्या गावात आणखी एक सांगायला हवं. खाप्याची नगरपालिका १८६७ सालची, आणि गाव कोष्ट्यांच्या हातमागांचं. अशा गावात घरं जुनी, आणि जुनं घर पोटात काय दडवून बसलंय ते फोडल्याशिवाय कळत नाही. ज्या घरात पूर्वी माग चालत होता, तिथे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा की मागाचा खड्डा कुठे होता. नुसती माती लोटून तो बुजवला असेल तर वरची नवी फरशी पहिल्या दोन पावसांत खचते आणि दोष तुमच्या माथी येतो. भिंत मातीची असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा थेट धरत नाही, पोपडे सुटतात. कवेलूचं छप्पर असेल तर ओल वरून येतेय की न्हाणीतून, ते आधी ठरवा. काळ्या मातीवरच्या घराला उन्हाळा-पावसाळ्यात तडे जातात; ते नुसते बुजवून रंग देण्याचं काम अंगावर घेऊ नका. आणि भिंत पाडायची किंवा तुळईला हात लावायचा असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाही, आणि नगर परिषदेत परवानगीची चौकशी केल्याशिवायही नाही. इथे धाडस नको.

म्हणून जुन्या घराचं काम सरसकट उक्तं घेऊ नका. दिसतं तेवढं उक्तं घ्या, आणि खाली लिहा: "फोडल्यावर निघणारं जादा काम फुटाच्या दराने, आधी दाखवून आणि सही घेऊन." ही एक ओळ तुम्हाला पुष्कळ भांडणांतून वाचवील.

कागद फार मोठा नको. काय करणार, कोणत्या प्रतीचं सामान, काय करणार नाही (गीझर त्यांचा की तुमचा, हे हमखास राहून जातं), किती दिवसांत, आणि हा भाव किती दिवस चालेल. पंधरा दिवस पुष्कळ झाले. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे दर खालीही येतात. पण खाली येतील या आशेवर भाव देऊ नका. दोन प्रती, दोघींच्या सह्या.

पैसे टप्प्याने घ्या. सुरुवातीला तीस टक्के, तोडफोड आणि नळाचं काम झालं की तीस, टाईल्स लागल्या की तीस, शेवटी दहा. टाईल्स लावण्याआधी न्हाणीच्या जमिनीत दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा आणि घरमालकिणीला बोलावून दाखवा की गळत नाही. मग दुसरा टप्पा मागायला जीभ अडखळत नाही. दुसऱ्याच्या घराच्या फरशीसाठी आपल्या बांगड्या गहाण टाकायची वेळ येऊ देऊ नका. आणि नागपूरकडच्या मे महिन्यात गिलाव्याला दिवसातून तीन-चारदा पाणी मारायला कोण येणार तेही आधीच ठरवा, निदान सात दिवस.

"बायकांचं कुठे हे काम?" असं कुणी म्हणालं तर त्यांना लातूरची आठवण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं मोठं काम झालं. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. कोपरे कसे बांधायचे, सामान बरोबर वापरलं जातंय का, हे त्या शिकल्या आणि गावाला समजावू लागल्या. त्यांच्यापुढे तर पडलेली घरं होती, आपल्यापुढे गळणारी न्हाणी आहे.

तुमच्या हाताखाली रेजा असतील, तर एक आवर्जून सांगते. समान कामाला बाई-पुरुषांना समान मजुरी हा १९७६ पासून कायदा आहे. बाई ठेकेदार झाली आणि रेजेला कमीच दिलं, तर मग काय फरक पडला?

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार लागतं. राज्यातल्या राज्यात सेवा देत असाल आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही; मात्र खरेदीवर दिलेला कर तुम्हाला परत मिळत नाही, म्हणून बिलातली करासकट रक्कमच खर्चात धरा. अवजारांसाठी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा, शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. बँकेचं खातं वेगळं उघडा. घरखर्चाचा आणि कामाचा पैसा एका डब्यात राहिला की यजमानांचं म्हणणं खरं की खोटं हे कुणालाच कळत नाही.

काम संपलं की त्याच वहीत अंदाजाशेजारी खरा खर्च लिहा. कुठे चुकलं ते दिसेल. बहुतेक मजुरीतच चुकतं, सामानात नाही.

राहता राहिला नणंदेचा प्रश्न, कारण तो पत्राच्या शेवटी आहेच. नणंदबाईंना स्वयंपाकघराचा ओटा बदलून हवा आहे आणि पैशाचं कुणी बोलत नाही. त्यांनाही हाच कागद द्या, पूर्ण भावाचा. खाली वेगळ्या ओळीत लिहा, "घरची सूट", आणि जी द्यायची ती रक्कम घाला. सूट तुमच्या नफ्यातूनच द्या. मिस्त्रीची आणि तुमची रोजी तशीच ठेवा. मग कागद आधी यजमानांना वाचायला द्या आणि नंतर नणंदबाईंकडे न्या.