छोट्या कुत्र्याचा चावाही चावाच

पेण असो की रोहा, दारात कुत्रा असणे आपल्याला नवीन नाही. खळ्यावर, पडवीत, वाडीच्या फाटकाशी गावठी कुत्रा असायचाच. नवीन आहे तो घरातला, सोफ्यावरचा कुत्रा. गृहसंकुलातल्या दोन खोल्यांत मोठा कुत्रा सांभाळणे अवघड, म्हणून लोक लहान जातींकडे वळले. पामेरियन झाला, पग झाला, आता चौकशी होते ती चिवावाची. तळहातावर मावणारे पिल्लू, टपोरे डोळे, उभे कान. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मुले हट्ट धरतात आणि आईवडील विक्रेत्याचा नंबर शोधू लागतात.

कुत्रा पाळण्याला माझा विरोध नाही. पण सरकारी रुग्णालयात श्वानदंशाचे रुग्ण तपासताना एक वाक्य नेहमी कानावर पडते: ‘डॉक्टर, आपलाच आहे हो, आणि एवढासा तर आहे!’ ‘आपलाच’ आणि ‘एवढासा’ या दोन शब्दांवर विसंबून लोक लस घेणे टाळतात. चिवावा घ्यायचा विचार असलेल्या घरांनी आधी या दोन शब्दांचा हिशेब करावा.

‘एवढासा’ हे खरे आहे. मेक्सिकोतील चिवावा राज्यावरून नाव मिळालेली ही जात जगातल्या सर्वांत लहान जातींपैकी एक. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे वजनही साधारण ३ किलोच्या आतच असते. पण लहान कुत्रा उचलून घेतला जातो, मांडीवर बसतो, मुलांच्या तोंडाजवळ येतो. त्यामुळे तो चावला तर बोटांना, ओठांना किंवा गालाला चावतो. या भागांत नसांचे जाळे दाट असते आणि चेहरा मेंदूच्या जवळ. रेबीजचा विषाणू नसांतूनच मेंदूकडे सरकतो. म्हणून चेहऱ्यावरचा छोटा दात पायावरच्या मोठ्या जखमेपेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो.

‘आपलाच आहे’ याचा अर्थ तो लसीकरण झालेला आहे असा होत नाही. ‘तो घराबाहेर पडतच नाही, मग लस कशाला?’ असा प्रश्न लोक विचारतात. आपल्याकडे परसात भटकी मांजरे येतात, मुंगूस फिरते, खारेपाटाच्या बाजूला कोल्हे असतात. या सगळ्यांना रेबीज होऊ शकतो. शिवाय विकत आणलेले पिल्लू त्याआधी कुठे होते, त्याला कोण चावले होते, हे आपल्याला ठाऊक नसते. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. तोवर पिल्लू छान खेळत असते.

जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे आणि त्यांतील जवळपास एक तृतीयांश भारतातली असतात. संशयित जनावर चावलेल्यांमध्ये सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगावर खात्रीचा उपचार नाही. त्याआधी मात्र तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. इतका प्राणघातक आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा दुसरा रोग सापडणे कठीण.

म्हणून कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर तो कोणाचा आणि केवढा हे बाजूला ठेवावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरचीपूड, चुना, तेल असे काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. उताऱ्यासाठी कोणाकडे जाण्यात वेळ घालवू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त न आलेला ओरखडा असला तरी लस लागते. रक्त आले असेल किंवा कुत्र्याने उघड्या जखमेवर चाटले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धडधाकट त्वचेवर नुसते चाटले असेल तर लस लागत नाही, धुणे पुरेसे असते.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही धास्ती अजून टिकून आहे. ती जुनी लस आपल्या देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता त्वचेत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी, म्हणजे शून्याव्या दिवशी, आणि मग ३, ७ व २८ व्या दिवशी घेतात. दंडाच्या स्नायूत घेतली तर १४ व्या दिवशीचा एक डोस वाढतो. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. चावलेला कुत्रा १० दिवस नजरेखाली ठेवावा, पण त्या १० दिवसांचा निकाल लागण्याची वाट पाहून लस लांबवू नये. लस लगेच सुरू करायची; कुत्रा ठणठणीत राहिला तर पुढचे डोस डॉक्टर ठरवतील.

दुसरा धोका पावसाळ्यातला. भातशेतीच्या हंगामात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण कोकणाला नवे नाहीत. उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. तेच पाणी कुत्रा पितो, त्यातून चालतो आणि नंतर त्याच्या लघवीतून जंतू घरात येऊ शकतात. कुत्र्यांसाठी लेप्टोची लस आहे, ती दरवर्षी द्यावी लागते. ती सगळ्या उपप्रकारांपासून वाचवत नाही, म्हणून पावसात फिरवून आणल्यावर त्याचे पाय धुऊन कोरडे करणे आणि लघवी पुसताना हातमोजे घालणे हेही पाळावे. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, आपल्याकडे सहसा दरवर्षी. तिचे कार्ड घरातल्या इतर कागदपत्रांसारखे जपून ठेवावे.

आता खुद्द चिवावाच्या तब्येतीविषयी. तान्ह्या बाळाची टाळू आपण जपतो. अनेक चिवावांची टाळू मोठेपणीही पूर्ण भरत नाही. सोफ्यावरून पडणे, मुलाच्या हातातून निसटणे हे त्याला डोक्याच्या दुखापतीपर्यंत किंवा पाय मोडण्यापर्यंत नेऊ शकते. घरात पाच-सहा वर्षांखालचे मूल असेल, तर ही जात घेऊ नये असेच मी सांगेन. पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा कमी असतो. चार-पाच वेळा थोडे थोडे खायला लागते. उपाशी राहिले की ते मलूल होते, थरथरते, झटकेही येतात. अशा वेळी हिरड्यांवर थोडा मध किंवा साखरेचे पाणी चोळून लगेच पशुवैद्याकडे न्यावे. श्वासनलिका नाजूक असल्याने गळ्यात पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. लहान जबड्यात दात दाटीने येतात, त्यामुळे दात घासणे आणि तपासणी नियमित हवी. नीट सांभाळला तर हा कुत्रा १४-१५ वर्षेही जगतो. म्हणजे आज पाचवीत असलेले मूल नोकरीला लागेल, तोवर तो आपल्या घरात असेल.

तीन किलोच्या शरीरात चूक मावत नाही. आपली अर्धी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा त्याला महागात पडू शकते. माणसांचे कोणतेही औषध परस्पर देऊ नये. चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी ठरतात. गणपतीत खिरापतीतला बेदाणा किंवा मटणाच्या रश्शातला तुकडा ‘प्रेमाने’ कोणी भरवू नये, हे पाहुण्यांना आधीच सांगावे. ढोल-ताशा आणि फटाक्यांनी घाबरलेला कुत्रा सर्वांत आधी जवळच्या माणसालाच चावतो. मिरवणुकीच्या वेळी त्याला आतल्या शांत खोलीत ठेवावे.

घेताना घाई नको. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि देशभर घरोघरी पग आले. चपट्या नाकामुळे उकाड्यात त्यांना धाप लागते, हे अनेकांना नंतर कळले. चिवावाच्या बाबतीत ‘टीकप’ या शब्दाला भुलू नये. अशी वेगळी जात नसते. मुद्दाम अतिलहान जोड्यांतून जन्मलेली ती कमजोर पिल्ले असतात. कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्यानुसार प्रजनन करणाऱ्याची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. नोंदणी, लसीचे कार्ड आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, केवळ फोटोवर पैसे पाठवू नयेत. एसटीच्या थांब्यावर खोक्यातून पिल्लू हाती देणाऱ्याला तर सरळ नकार द्यावा.

यातले काही झेपणार नसेल, तर गावठी पिल्लू आहेच. आपल्या पावसाला आणि उकाड्याला ते सरावलेले असते. लस मात्र त्यालाही तितकीच हवी.

पिल्लू घरी आणण्याआधी एकदा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लसींचे वेळापत्रक लिहून आणा. लहान-मोठ्या सगळ्यांना एक नियम पाठ करून घ्या: चावला की धुवायचे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे, मग तो आपलाच असो आणि एवढासा असो.