'१९७१': पडलेला, पण हरलेला नाही

'पिक्चर पडला म्हणजे बकवास' हा आपल्या होस्टेलचा लाडका नियम. त्यावर माझं उत्तर एकच: अमृत सागरचा '१९७१' बघा.

मार्च २००७ मध्ये, ऐन वर्ल्ड कपच्या तोंडावर तो आला आणि कधी गेला ते कळलंही नाही. गोष्ट १९७७ ची. युद्ध संपून सहा वर्षं झाली, तरी पाकिस्तानात कैदेत असलेले सहा भारतीय सैनिक पळायचा बेत आखतात. मनोज बाजपेयी, रवी किशन, कुमुद मिश्रा, दीपक डोब्रियाल... हातपंप उपटणारा कुणी नाही. फक्त बर्फ, भूक आणि एकेक करून कमी होणारे सोबती. मान्य, मध्ये थोडा रेंगाळतो. पण खोटं बोलत नाही.

युद्धानंतर भारताने सुमारे ९३,००० युद्धकैदी परत पाठवले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले आपले ५४ जवान मात्र बेपत्ताच राहिले. आपल्याकडे कुणी नाही, असंच पाकिस्तान सांगत आलंय. मग घरच्यांनी सुतक पाळायचं की वाट बघायची? हा प्रश्न चित्रपट न ओरडता विचारतो.

पुढे त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लॉकडाउनमध्ये यूट्यूबवर लाखोंनी तो पाहिला. तिकीट काढायची वेळ मात्र केव्हाच टळली होती.

तेव्हा मंडळी, कॉमन रूममध्ये 'बॉर्डर' पंधराव्यांदा लावण्याआधी एकदा हा लावा. शेवट सांगत नाही. पण तो झाल्यावर दिवे लावायला कुणी लगेच उठणार नाही, एवढं नक्की!